ओढ्याचे पांढरे पाणी

खडकांतून उड्या घेत जाणाऱ्या ओढ्याचे जलरंगातील जुने चित्र पाहिले, की आमच्या घरची मुले विचारतात, “हा पांढरा रंग कोणता?” उत्तर ऐकून त्यांस नवल वाटते. तो रंग नव्हेच. तो कोरा कागद होय. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ इंग्रज चित्रकार फेसाळ पाण्याची जागा आरंभीच मनाशी ठरवून सोडीत आणि भोवती खडकांच्या काळ्या-तपकिरी छटा चढवीत. त्या जागी एकदा रंग उतरला, की कागद खरवडून थोडा उजेड काढता येतो. परंतु मूळची शुभ्रता पुरती परत येत नाही.

आमच्या भागातही असा एक चित्रकार राहून गेला. फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हा निजामाच्या सेवेतील अधिकारी लेखक म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तो चित्रेही काढी. दख्खनच्या त्याच्या चित्रांचा संग्रह १८३७ साली लंडनमध्ये शिळाछापावर निघाला. पुढे अनेक वर्षे तो सुरपूर संस्थानाचा कारभार पाहत होता. ते सुरपूर आज यादगीर जिल्ह्यात आहे. १८५३ साली त्याच्याकडे नळदुर्ग जिल्हा आला.

नळदुर्ग आमच्या आळंदहून फार लांब नाही. तेथील किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा, १६१३ सालचा बंधारा असून त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली, की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन वाटांनी पाणी खाली कोसळते. काळ्या दगडावर शुभ्र धार! जलरंगाच्या चित्रातील तो कोरा कागदच जणू समोर उभा राहतो.

वाचकहो, आपल्या गावच्या ओढ्याकडे मात्र आपण कसे पाहतो? कोणी वाळू उपसतो, कोणी पात्रात बांध सरकवितो, कोणी केरकचरा आणून टाकतो. मागाहून साफसफाई करू, असे सारेच म्हणतात. चित्रकार तसे म्हणत नाही. जे राखावयाचे, ते तो पहिला कुंचला टेकण्यापूर्वीच राखतो.

येत्या पावसाळ्यात ओढा वाहू लागला, की मुलांस काठावर न्यावे, हाती कागद व रंगपेटी द्यावी आणि सांगावे, “बाळांनो, पाण्याची जागा आधी सोडा.” घरी परतताना तेच वाक्य आपणही मनात आणावे, अशी आमची विनंती आहे.