मार्गदर्शन होण्यास विनंती

सरकारी कर्मचाऱ्यांना नव्या पद्धतीने विचार करायला शिकवण्याचा एवढा मोठा खटाटोप या देशात यापूर्वी झालेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी क्षमता बांधणी आयोग आला आणि आता ‘आयगॉट’ या ऑनलाइन मंचावर एक कोटीहून अधिक कर्मचाऱ्यांची नोंद आहे. ऑक्टोबर २०२४ मधल्या राष्ट्रीय अध्ययन सप्ताहात तर प्रत्येकाने किमान चार तास शिकावे, असे उद्दिष्टच ठरले होते. चित्रफीत पाहायची, प्रश्नांची उत्तरे द्यायची, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आडगावच्या ग्रामसेवकाला दिल्लीच्या सचिवाइतकेच शिकायला मिळते, हे थोडे नव्हे. पण प्रमाणपत्र घेतलेला अव्वल कारकून दुसऱ्या दिवशी टेबलावर बसतो तेव्हा त्याच्यासमोरची फाइल वेगळ्या रीतीने हलते का, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते ती हलत नाही आणि त्यात दोष त्या कारकुनाचा नाही. नवे करून पाहण्याची वृत्ती कचेरीबाहेरच्या वर्गात शिकवता येत नाही. ती ज्याच्या त्याच्या टेबलावरच आणि वरिष्ठांसह शिकवावी लागते.

याचा पुरावा शोधायला परदेशी जायला नको. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कारकुनाचे टेबल हाच सुधारणेचा विषय केला. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे पाडायचे: प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिक विवरणे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. यात ना संगणक होता, ना सल्लागार कंपनी. पण प्रतीक्षाधीन कागद वेगळे निघाले की ‘वरून उत्तर आले नाही’ ही सबब लंगडी पडते. कुठला कागद कुणाकडे किती दिवस अडला आहे, ते तपासणीला आलेल्या साहेबाला उभ्या उभ्या दिसते. निकाली निघालेले बाड टेबलावरून हलले की चालू काम किती थोडे आहे, हे खुद्द कारकुनालाही पहिल्यांदाच कळते. ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला तो भाषणांमुळे नव्हे. प्रत्येक कर्मचाऱ्याला तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कागदांवर करावा लागला आणि त्यातूनच तो अंगवळणी पडला.

पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. साडेतीन दशकांनी पुणे विभागात तेव्हाचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम काढली, तेव्हा त्याच सहा गठ्ठ्यांची उजळणी करावी लागली. म्हणजे कल्पना होती, तिचे यशही सिद्ध झाले होते; कचेरीने ती सांभाळली नव्हती. अधिकारी बदलला की त्याची पद्धत त्याच्या सामानाबरोबर जाते. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवून दिला आणि कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त रखडू नये, असेही त्याच कायद्याने सांगितले. या दोन्हींचे काय होते, ते वाचकांना माहीत आहे. तेव्हा आपल्याकडे कल्पकतेचा दुष्काळ आहे, हे निदानच चुकीचे आहे. दुष्काळ आहे तो केलेले टिकवण्याच्या व्यवस्थेचा. नेहमीच्या कचेऱ्यांपासून वेगळी ‘प्रयोगशाळा’ काढूनही हे साधत नाही. डेन्मार्कने २००२ मध्ये उभारलेली ‘माइंडलॅब’ जगभर नावाजली गेली, तरी २०१८ मध्ये तिला टाळे लागले.

चुकत चुकत सुधारणे सरकारला जमतच नाही, असेही नाही. सातबाऱ्यावरची पिकांची नोंद पूर्वी तलाठी करायचा आणि ती अनेकदा बांधावर न जाताच व्हायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी आपल्या मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करू लागला. काही तालुक्यांत आधी चाचणी झालेली होती, तरीही तक्रारी आल्याच. कुठे नेटवर्क नाही, कुठे सर्व्हर बंद, कुठे चुकीचे पीक नोंदवले तर दुरुस्तीची सोय नाही. पुढच्या आवृत्तीत शेतकऱ्याला ४८ तासांत नोंद स्वतः दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, सगळ्याच नोंदी न तपासता १० टक्केच तलाठ्याने तपासाव्यात असे ठरले, आणि छायाचित्र गटापासून लांब काढले असेल तर ॲप सूचना देऊ लागले. अडचणी संपल्या असे कुणी म्हणणार नाही. पण पहिली आवृत्ती अपुरी होती हे मान्य करून दुसरी काढली गेली. नवोन्मेषाच्या अभ्यासक्रमांत जे शिकवायचे असते, ते नेमके हेच.

मग हे सर्वत्र का होत नाही? कारण सरकारी नोकरीत न केलेल्या कामाची किंमत मोजावी लागत नाही, केलेल्या कामाची लागते. ‘सदर प्रकरणी मार्गदर्शन होण्यास विनंती आहे’ एवढे एक वाक्य टिपणीत लिहिले की फाइल वर जाते आणि जबाबदारीही. वरून ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा येतो, आणि नियम नेमका काय म्हणतो हेच तर विचारलेले असते! जबाबदारी घेण्याची ही भीती निराधार नव्हती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या जुन्या कलम १३ नुसार लोकहित नसताना कुणाला आर्थिक लाभ झाला, तर अधिकाऱ्याचा हेतू वाईट नसला तरी तो गुन्ह्याच्या कचाट्यात सापडू शकत असे. २०१८ मध्ये ती तरतूद गेली, पण कायद्यातून निघालेली भीती मनातून तितक्या लवकर निघत नाही. लेखाआक्षेपाचा परिच्छेद निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही, हे प्रत्येक आहरण व संवितरण अधिकाऱ्याला पाठ असते. अशा माणसाला ‘चौकटीबाहेर विचार करा’ असे पडद्यावरून सांगणे ही जवळजवळ थट्टाच आहे.

म्हणून प्रशिक्षणाचा विद्यार्थी बदलायला हवा. आज तहसील कचेरीतला एक लिपिक प्रशिक्षणाला जातो, परत येतो आणि वरचे तिघे आहेत तिथेच असतात. त्याऐवजी एका फाइलची सगळी साखळी, म्हणजे लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार आणि त्यांच्याबरोबर लेखाधिकारी व लेखापरीक्षक, एकाच वर्गात बसली पाहिजे. त्यांनी आपल्याच कचेरीतला एक दाखला किंवा एक अनुदान घ्यावे आणि अर्जदाराला किती खेटे पडतात, कोणता कागद दोनदा मागितला जातो, कुणाची सही केवळ परंपरेने होते, ते मोजावे. मग मर्यादित मुदतीसाठी एक टप्पा गाळून पाहावा. काय करणार, किती दिवस, किती खर्चात आणि काय दिसले तर थांबणार, हे आधी एका पानावर लिहून सक्षम अधिकाऱ्याची सही घ्यावी. लेखापरीक्षणाने नंतर त्या पानाशी ताडून पाहावे. ठरल्याप्रमाणे केलेला प्रयोग फसला तर तो आक्षेप ठरू नये. न ठरवता केलेला यशस्वी झाला तरी त्याची विचारणा व्हावी. आणि बदली होताना कार्यभार हस्तांतराच्या कागदांत ते पानही जावे.

जनतेचा पैसा प्रयोगांसाठी नाही, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो करणाऱ्यांनी एक विसंगती पाहावी. राज्याच्या नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवउद्योगांना आपली कल्पना सरकारी खात्यात करून पाहण्यासाठी कार्यादेश दिले जातात, आणि ते योग्यच आहे. मग बाहेरच्या तरुणाला जी मुभा आहे, ती वीस वर्षे तेच काम करणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्याला का नसावी? एका तालुक्यात एक पद्धत आणि शेजारच्या तालुक्यात दुसरी, यात समानतेचा भंग होतो, हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. म्हणूनच हक्क, पात्रता आणि रक्कम यांना हात न लावता केवळ कार्यपद्धतीत बदल करण्यापुरती ही सवलत असावी. सेवा हक्क कायद्याने २०१५ मध्ये अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहेच. त्या मुदतीच्या आत कसे पोहोचायचे, एवढे तरी कचेरीला ठरवू द्यावे.

एक आक्षेप मात्र पूर्णपणे खोडता येत नाही. पदे मोठ्या संख्येने रिकामी आहेत, एकेका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, दोन-तीन सज्जांचा भार आहे, त्यात निवडणुका आणि पंचनामे. या माणसाने प्रयोग कधी करायचे? प्रशिक्षण हा भरतीला पर्याय नाही, आणि कोणत्याही सरकारने तो तसा वापरू नये. तरीही गाळलेला एक निरर्थक टप्पा याच माणसाचे तास वाचवतो. ‘यशदा’ या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेने पुढच्या वर्षी एका महसूल विभागातील मोजके तालुके घ्यावेत, महालेखाकार कार्यालयाला वर्गात बोलवावे आणि प्रमाणपत्र प्रशिक्षणाच्या शेवटी न देता वर्षभराने, कचेरीतली पद्धत टिकली आहे की नाही ते पाहून द्यावे.