मोटरहोम येईल तेव्हा येईल, उमरखेडला आधी धड थांबा हवा

उमरखेड : घर सोबत घेऊन फिरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ आता गावोगावच्या मोबाइलवर दिसतात. गाडीतच पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम. परदेशात अशा मोटरहोमसाठी खास रिसॉर्ट आहेत. गाडी लावायची, वीज-पाणी आणि सांडपाण्याचा पाइप जोडायचा, खुर्च्या बाहेर काढायच्या. संध्याकाळी शेजारपाजारच्या गाड्यांतली माणसं जेवायला, गप्पांना, गाण्याला एकत्र येतात. काही जण थंडीचे तीन-चार महिने तिथंच मुक्काम ठोकतात. हे बघून हायवेलगत शेत असलेल्या माणसाच्या मनात प्रश्न येणारच : आपल्याकडं असं चालेल का?

प्रश्न रास्त आहे. तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ उमरखेडवरून जातो. तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, मुरलीजवळ सहस्रकुंड धबधबा आहे. माहूर आणि नांदेड टप्प्यात आहेत. पण शेत गहाण टाकण्याआधी काही गोष्टी नीट बघितल्या पाहिजेत.

धोरण आहे, गर्दी नाही

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात दोन भाग आहेत : एक गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, आणि दुसरा ती उभी करण्याची जागा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं होतं. केरळनेही २०२१ मध्येच असं धोरण जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी वागमोनला तिथलं पहिलं कॅरॅव्हॅन पार्क सुरू झालं.

पण वागमोन हे थंड हवेचं ठिकाण. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गाडीत दुपार काढणं अवघड. सहस्रकुंडाचा जोर पावसाळ्यात. म्हणजे पर्यटकांचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा.

आता साधा हिशेब करा. समजा, पार्कसाठी १० लाखांचं कर्ज काढलं आणि व्याज वर्षाला ११ टक्के. फक्त व्याजच महिन्याला ९ हजारांच्या वर जातं. एका गाडीकडून रात्रीचे १ हजार रुपये मिळाले, तरी नुसतं व्याज फेडायला दर महिन्याला नऊ-दहा मुक्काम लागतात. त्यात वीजबिल, राखणदार, साफसफाई धरलेलीच नाही. अशा गाड्या या रस्त्यावर रोज दिसतात का? ज्याचं शेत हायवेला आहे, त्यानं याचं उत्तर स्वतः आठवडाभर मोजून काढावं.

बिलिंग्जच्या माणसानं काय पाहिलं

अमेरिकेत या धंद्यातलं मोठं नाव केओए. आज त्यांची ५०० हून जास्त ठिकाणं आहेत. सुरुवात झाली १९६२ मध्ये, मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात, यलोस्टोन नदीच्या काठी. त्या वर्षी सिएटलला जागतिक मेळा होता आणि तिकडं जाणाऱ्या गाड्या बिलिंग्जवरून जात होत्या. नदीकाठी जमीन असलेल्या एका व्यावसायिकानं ते पाहिलं आणि रात्रीला पावणेदोन डॉलर घेऊन जागा द्यायला सुरुवात केली. सोबत काय दिलं? टेबल, चूल, गरम पाण्याची आंघोळ, स्वच्छ संडास आणि छोटं दुकान.

यातली मेख लक्षात घ्या. त्यानं गाड्या आणल्या नाहीत. गाड्या जातच होत्या, त्यांना थांबायला जागा नव्हती, ती त्यानं दिली. रिसॉर्टची रंगत नंतर आली. माणसं थांबली की रंगत आपोआप येते.

आपली चालती घरं

मग आपल्या रस्त्यावरून कोण जातं? नवरात्रात माहूरला आणि तुळजापूरला जाणारे भाविक, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले जत्थे, पोहरादेवीला जाणारा बंजारा समाज. टेंपो आणि बसमध्ये गॅस, भांडी, गाद्या, सगळा संसार सोबत असतो. झाड दिसलं की गाडी थांबते, तिथंच स्वयंपाक होतो, तिथंच झोप. हेच आपलं मोटरहोम.

बंजारा समाजाला तर हे शिकवायची गरज नाही. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरणारा तांडा जिथं पाणी आणि चारा असेल तिथंच उतरायचा. रात्री गाणी व्हायची, पहाटे तांडा पुढं जायचा.

आज या भाविकांची अडचण एकच : थांबायचं कुठं? पुरुष कुठंही उभे राहतात, बायकांनी काय करायचं? ढाब्यावरचा संडास अनेकदा वापरण्यासारखा नसतो. अंधारात रस्त्याच्या कडेला जावं लागतं. साप-विंचवाची आणि भरधाव वाहनांची भीती वेगळीच. स्वच्छ संडास, न्हाणीघर, उजेड, पिण्याचं पाणी आणि स्वयंपाकाला पत्र्याचं शेड मिळालं, तर माणशी वीस-पंचवीस रुपये द्यायला कोण नाही म्हणेल? एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं असतात. बचत गटाच्या भाकरी-ठेच्याला, शेतातल्या हळदीला तिथंच गिऱ्हाईक मिळतं.

मैल्याचं काय?

मोटरहोमच्या संडासाची टाकी भरते. ती नाल्यात किंवा शेतात सोडली, तर घाण शेवटी पैनगंगेत जाते आणि तेच पाणी खालची गावं पितात. म्हणून झगमगाटावर खर्च करण्याआधी सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा, तोही विहिरीपासून दूर.

अभयारण्यात मनाला येईल तिथं गाडी लावून चूल पेटवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथं जायला परवानगी लागते आणि आग लावणं गुन्हा आहे. मुक्कामाची जागा जंगलाबाहेर, गावाजवळच हवी. तसंच जुन्या टेंपोत पलंग-गॅस बसवून ‘कॅरॅव्हॅन’ भाड्यानं देण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचाही वांधा होतो.

सुरुवात कुठून?

रस्त्याला जागा असलेल्या शेतकऱ्यानं किंवा ग्रामपंचायतीनं आधी संडास, पाणी, उजेड आणि शेड एवढंच करावं. एका कडेला दोन-तीन गाड्यांपुरती पक्की जमीन आणि विजेचा बोर्ड ठेवावा. मोटरहोम आलं तर तेही थांबेल, नाही आलं तर भाविकांच्या बसा आहेतच. धोरणातल्या सवलती आज नेमक्या काय आहेत, हे पर्यटन संचालनालयाच्या अमरावती कार्यालयातून लेखी घ्यावं. जमिनीच्या परवानगीचं तहसीलला, वीजजोडणीचा दर महावितरणला विचारावा. एजंटच्या तोंडी शब्दावर सातबारा कुणाच्या हातात देऊ नये.