साहेब, एक दिवस सेडानमधून या

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांना गाड्यांचं वेड आहे त्यांनी वाचा, आणि ज्यांना अजिबात नाही त्यांनी तर नक्कीच वाचा, कारण शेवटी भोगतोय आपण सगळेच.

मी धंद्यानं ड्रायव्हर. वीस वर्षं झाली, बारामती-इंदापूर-पुणे हाच माझा पट्टा. स्वतःची डिझायर आहे, टुरिस्ट परमिटची. बदली ड्रायव्हर म्हणून दुसऱ्यांच्या मोठ्या गाड्याही चालवतो. लग्नसराईत, निवडणुकीत, कुणाला मुंबईला मंत्रालयात सोडायचं असलं की बोलावणं येतं. त्यामुळं मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ५ सिरीज, स्कोडाची सुपर्ब, टोयोटाची कॅमरी आणि फॉर्च्युनर तर विचारूच नका, सगळ्यांचं स्टेअरिंग हाताला लागलेलं आहे. म्हणून तरणी पोरं विचारतात, "भाऊ, साठ लाख असतील तर कुठली घ्यावी?" साठ लाख कुठून आले हे मी विचारत नाही. एमआयडीसीत गेलेल्या जमिनीचे असतात, नाहीतर रस्त्यात गेलेल्या.

तर उत्तर ऐका. आराम बघायचा असेल तर सेडान. यात वादच नाही. फॉर्च्युनर ही मुळात ट्रकासारख्या शिडीच्या चॅसीवर उभी केलेली गाडी आहे. दणकट आहे, नाही कोण म्हणतंय. पण मागच्या सीटवर बसून भिगवण ते हडपसर जाऊन बघा आणि मग तेच अंतर कॅमरीत जाऊन बघा. दोन्ही एकाच कंपनीच्या. कॅमरी डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आली, फॉर्च्युनरचं वरचं फोर बाय फोर मॉडेल घ्याल तर पैसे जवळपास तेवढेच. कॅमरी हायब्रीड आहे, कंपनी लिटरला २५ किलोमीटरच्या वर सांगते. तेवढं कुणाला मिळत नाही, पण निम्म्यापेक्षा बरंच जास्त मिळतं. फॉर्च्युनर दहा-बारा देते. रोड टॅक्स बघा, महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. म्हणजे आरामात सेडान पुढं, खर्चात सेडान पुढं.

आणखी वर जायचं असेल तर ई-क्लास आणि ५ सिरीज. दोन्ही २०२४ मध्ये नव्यानं आल्या, ७८ लाख ५० हजार आणि ७२ लाख ९० हजार अशा सुरुवातीच्या किमतीला. दोन्ही लांब व्हीलबेसच्या, पुढच्या आणि मागच्या चाकात तीन मीटरपेक्षा जास्त अंतर. ही लांबी कशासाठी? मागं बसणाऱ्या मालकाचे पाय पसरावेत म्हणून. चीनमध्ये आणि आपल्याकडं मालक मागं बसतो, म्हणून कंपन्या मुद्दाम लांब गाडी काढतात. ई-क्लास तर आपल्याच जिल्ह्यात, चाकणला तयार होते. त्याआधी १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात व्हायची. पुणे जिल्ह्याच्या मातीत तयार होणारी गाडी, पण पुणे जिल्ह्याच्याच अर्ध्या रस्त्यांवर ती चालत नाही.

हे चालत का नाही, त्याकडं येतो. आधी एक गंमत. आपल्याकडं साहेब मागं बसतच नाही. साहेब बसतो पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, काच खाली. का? तर चौकात चार लोकांनी बघितलं पाहिजे, हात वर झाला पाहिजे, "राम राम साहेब" झालं पाहिजे. मागच्या सीटवर तीन कार्यकर्ते, त्यांच्या मागं आणखी दोन, आणि हार-शाली-श्रीफळाची पिशवी. मग ७८ लाखांच्या गाडीतली मागची सीट, पडदे, पाय पसरायची जागा, सगळं कुणासाठी? आणि सेडानमध्ये पुढं बसलेला साहेब दिसतो किती? पानटपरीवर उभ्या माणसाला त्याचं टक्कल दिसतं फक्त. उंच गाडीत बसला की तो कायम पारावर बसल्यासारखा दिसतो.

तिसरी कसोटी बाजाराची. इथं मी खोटं बोलणार नाही. फॉर्च्युनर पाच वर्षं वापरून विकायला काढा, दारात गिऱ्हाईक उभं राहतं. मोठी जर्मन सेडान तीन-चार वर्षांत निम्म्यावर येते. म्हणूनच दिल्लीकडच्या दहा वर्षं व्हायला आलेल्या डिझेल मर्सिडीज आणि ऑडी आपल्याकडं डिझायरच्या भावात येतात. तिकडं जुन्या डिझेलवर बंदी, म्हणून स्वस्त. पोरं घेतात, नवा एमएच ४२ नंबर टाकतात, स्टेटस ठेवतात. मग एअर सस्पेन्शन बसतं. गाडी सकाळी अंगणात म्हशीसारखी बसलेली असते, उठायला तयार नाही. काम पुण्याशिवाय होत नाही आणि पुण्याचं बिल ऐकून माणूसही बसतो. म्हणून जुनी जर्मन गाडी स्वस्तात मिळतीय असं कुणी म्हटलं तर त्याला माझा नंबर द्या.

पण बाजारात कुठली गाडी चालते हे आभाळातून पडत नाही. ते ठरतं रस्त्यावर आणि कागदावर.

कागदाचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ठिबकचं साहित्य ५ वर आलं, आपल्या बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात होणारी तीनचाकी २८ वरून १८ वर आली. चांगलं झालं, झालं ते झालं म्हणायचं. पण मोठ्या गाड्यांचं बघा. मोठी एसयूव्ही सेस धरून ५० टक्क्यांवर होती ती ४० वर आली. मोठी सेडान ४८ वर होती ती ४० वर. आणि कॅमरीसारखी कमी तेल पिणारी मोठी हायब्रीड ४३ वर होती, तीसुद्धा ४० वर. म्हणजे सगळ्यात जास्त तेल पिणारीला १० टक्क्यांची सूट आणि सगळ्यात कमी पिणारीला ३ ची. हा हिशोब कुणी केला त्याला माझा साष्टांग नमस्कार. राज्यात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा ठरला होता, तो त्याच अधिवेशनात मागं घेतला. एक कोटीची इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला रोड टॅक्स नाही. माझ्या डिझायरला आहे.

वरून म्हणतात, साधेपणा ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत लोकपालानं सात पांढऱ्या बीएमडब्ल्यू ३ सिरीज, त्याही लांब व्हीलबेसच्या, घेण्यासाठी निविदा काढली. सुमारे पाच कोटींचा मामला. भ्रष्टाचारावर नजर ठेवायला बसवलेली संस्था! टीका व्हायची ती झाली. निदान त्यांनी सेडान तरी निवडली, एवढंच मी त्यांच्या बाजूनं म्हणेन.

आपल्या मराठवाड्याचं जुनं उदाहरण आहे, नव्या पोरांना माहीत नसेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. ६५ कोटींचा सौदा, त्यातले चाळीस कोटींच्या वर स्टेट बँकेचं कर्ज, व्याज ७ टक्के. आमचं शहर नकाशावर यावं, गुंतवणूक यावी म्हणून घेतल्या असं सांगितलं गेलं. त्याच वेळी ट्रॅक्टरला १२ टक्क्यांच्या वर व्याज होतं. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, उद्योजक होते, त्यांच्या गाड्या कंपनीच्या हिशोबात जातात, घसारा मिळतो, व्याज खर्चात धरता येतं. शेतकऱ्याच्या पोराला यातलं काय मिळतं? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळं घसाऱ्याचा फायदाही नाही. पुण्याच्या बिल्डरनं आणि निमगाव केतकीच्या पोरानं एकाच दिवशी एकच गाडी घेतली तरी पोराला ती महागच पडते.

आता उसाच्या भाषेत सांगतो. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ उताऱ्याला टनाला ३५५० रुपये. तोडणी-वाहतूक जाऊन सोयीसाठी हातात ३००० धरा. साठ लाखांची गाडी म्हणजे २००० टन ऊस. एकरी ५० टन धरला तर ४० एकर. खत, पाणी, मजुरी, सोसायटी काहीही न धरता चाळीस एकर आडसाली ऊस एका गाडीत. चाळीस एकर बागायत असलेली घरं मोजायला बसा, बोटं जास्त होतील. आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यायचं असा कायदा १९६६ पासून आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासकट. हे व्याज खात्यावर आलेलं ज्यांनी बघितलं असेल त्यांनी हात वर करावा. तिकडं गाडीचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला म्हणजे कापला.

यातलं सगळ्यात घाण रूप लग्नात दिसतं. मे २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. लग्नात फॉर्च्युनर आणि ५१ तोळे सोनं दिल्याचं बापानं सांगितलं, आणि पोरगी गेली. प्रकरण कोर्टात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतरच्या लग्नसराईत मी मांडवाच्या दारात फुगे लावलेल्या पांढऱ्या गाड्या पुन्हा बघितल्या, आणि "जावयाला कुठली दिली" हे पंगतीत ऐकलं. त्या जेवणाची चव गेली माझी.

आता रस्ता. हाच माझा खरा मुद्दा.

गतिरोधक कसा असावा याचा नियम आहे, इंडियन रोड काँग्रेसचा. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई सावकाश चढत जाणारी. बहुतेक सेडान जमिनीपासून पंधरा सेंटीमीटरच्या आसपास उंच असतात. नियमातल्या गतिरोधकावरून ई-क्लास काय, कुठलीही सेडान पोट न घासता जाते. मग आपल्याकडं का घासते? कारण आपल्याकडं गतिरोधक म्हणजे कुणाच्या तरी दारात अपघात झाला की रातोरात टाकलेला सिमेंटचा वरवंटा. पट्टे नाहीत, बोर्ड नाही, दिवा नाही. पालखी मार्गावर गाडी मस्त पळते, पण मुख्य रस्ता सोडून नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं आत वळा, वाड्या-वस्त्यांवर जा, मग कळतं. लांब व्हीलबेसची गाडी तर मधोमध अडकते, पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची, आणि पोट वरवंट्यावर.

फॉर्च्युनरवाला? त्याला कळतच नाही. तो फोनवर बोलत बोलत निघून जातो.

म्हणून म्हणतो, हा गाड्यांचा वाद नाही. ज्यांच्या हातात रस्ता नीट करायचा अधिकार आहे ते सगळे अशा गाडीत बसलेत ज्यात रस्ता लागतच नाही. खड्डा चुकवायची गरज नाही, गतिरोधक जाणवत नाही, पाणी साचलेलं असलं तरी उडवत जातात. आणि मागं कोण येतंय? माझ्या डिझायरच्या मागच्या सीटवर नववा महिना लागलेली बाई असते, अंथुर्ण्याहून बारामतीच्या दवाखान्यात निघालेली. प्रत्येक वरवंट्यावर ती दोन्ही हातांनी सीट धरते. आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला जाणारा म्हातारा असतो. तीनचाकीत दहावीची पोरं असतात. मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या असतात. हे सगळे सेडानच्या उंचीचे नाहीतर त्याच्याही खालचे लोक आहेत.

आणि उंच गाडी बाहेरच्यांनाही महाग पडते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास केला, बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर धडकेत पायी चालणारा माणूस दगावण्याची शक्यता, उतरत्या बुटक्या बॉनेटच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त. सेडान पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला लागते. आपल्या रस्त्यावरनं आषाढात तुकोबांची पालखी जाते, बेलवडीला, इंदापूरला रिंगण होतं, लाखो माणूस पायी असतो. उरलेलं वर्षभर ऊसतोडीची माणसं, शाळेची पोरं कडेकडेनं चालतात. हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांना ओव्हरटेक करणारी पांढरी उंच गाडी, रात्री हे दृश्य समोरून येताना बघितलंय का?

कोण म्हणेल, तू ड्रायव्हर, तुला जळजळ होतीय. होऊ दे म्हणू. पण माझी मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेचे, पंचायत समितीचे, कारखान्यांचे जे जे पदाधिकारी आहेत आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे जे इंजिनिअर आहेत, त्यांनी महिन्यातला एक दिवस सेडानमधून दौरा करावा. ई-क्लास नको, साधी कुठलीही. मागच्या सीटवर बसायचं, काच खाली ठेवली तरी चालेल. सणसरहून निघायचं, आतल्या रस्त्यांनी लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर, आणि दुसऱ्या वाटेनं परत. गाडी माझी, डिझेल माझं. पाठीला पट्टा ज्याचा त्यानं आणायचा.

आणि वाचणाऱ्यांना एक काम. आपापल्या गावातल्या गतिरोधकावर आडवी काठी धरा, टेपनं उंची मोजा, रुंदीही मोजा, फोटो काढा, गाव आणि ठिकाण लिहून इथं खाली टाका. १० सेंटीमीटरच्या वरचे जेवढे निघतील त्यांची यादी करून, बारामती आणि इंदापूर दोन्हीकडच्या बांधकाम कार्यालयात मी स्वतः अर्ज देणार आहे, आणि पोचपावती इथंच टाकणार आहे. पहिला आकडा माझ्याकडून घ्या, आमच्या वस्तीच्या तोंडावरचा: उंची १९, रुंदी ६० सेंटीमीटर.