पहाटेची फुंकणी

मागच्या महिन्यात मुलांचा वर्ग आत चालू होता आणि आम्ही पालक बाहेर चहा घेत उभे होतो. बोलता बोलता विषय निघाला अंघोळीच्या पाण्याचा. "बंबाच्या पाण्याची सर इथल्या शॉवरला नाही," असे कोणी म्हणताच सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. संध्याकाळी गावाहून फोन आला आणि त्या मान डोलावण्याची आम्हाला थोडी लाज वाटली.

हकीगत अशी. आमचा थोरला भाऊ निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यात वडिलार्जित जमिनीवर घर बांधून राहतो. विजेचा शेवटचा खांब घरापासून फार लांब. तिथून लाइन आणण्याचा खर्च ऐकून दादाने तो नाद सोडला. छपरावर ३३० वॉटची चार सौर पॅनेल टाकली आणि १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. दिवे, पंखे, छोटा फ्रिज मजेत चालतात. पाणी मात्र अजून न्हाणीघरातल्या पाणचुलीवर तापते. आता दादाला गीझर बसवायचा आहे, आणि आम्ही पडलो इंजिनिअर, म्हणून आमचा सल्ला हवा होता. मग वहिनींनी फोन घेतला. म्हणाल्या, "भावजी, पाणी कशानंही तापवा, फक्त पहाटेची फुंकणी माझ्या हातून सुटू दे."

बालमित्रांनो, आधी हिशोब करू. वही-पेन्सिल घ्या. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. हे ज्यूल म्हणजे आपल्या शेजारच्या सॅल्फर्डला १८१८ साली जन्मलेले जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. घरचा धंदा बिअरचा, पण हे गृहस्थ वजने खाली सोडून पाण्यात वल्ही फिरवायचे आणि पाणी किती तापले ते मोजत बसायचे. मेट्रोलिंकने ब्रुकलंड्सला उतरून दफनभूमीत गेलात तर त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला दिसेल. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला तेवढे फूट-पौंड काम लागते. आपल्या मापात सांगायचे तर कोणतीही वस्तू ४२७ मीटर उचलायला जेवढे कष्ट, तेवढ्यात तितक्याच वजनाचे पाणी फक्त एक अंश तापते. कोकणातल्या विहिरीचे २५ अंशांचे १५ लिटर पाणी ४० अंशांवर न्यायचे म्हणजे ती बादली कळसूबाईच्या उंचीला जवळजवळ चार वेळा चढवण्याइतके काम झाले! पाणी तापवणे किती महाग असते ते यावरून कळावे.

विजेच्या भाषेत ही बादली म्हणजे पाव युनिटाहून किंचित जास्त. पाच माणसांचे सव्वा युनिट. आता आपल्या घरचे पाहा. मँचेस्टरच्या हिवाळ्यात नळाचे पाणी ८ अंशांवर येते. मिनिटाला ९ लिटरच्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले की सव्वातीन युनिटांहून जास्त खर्च होतात. म्हणजे वहिनींच्या बारा-तेरा बादल्या. (आमच्या घरात दहा मिनिटांत कोणी बाहेर येत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. वाचणाऱ्याने वाचावे.)

दादाच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट मावतात. त्या लवकर मरू नयेत म्हणून निम्मेच वापरायचे, म्हणजे १.८. त्यातले सव्वा युनिट गीझरने खाल्ले की उरले काय? आणि मागायचे तेही पहाटे, जेव्हा रात्रभर पंखे फिरून बॅटऱ्या आधीच दमलेल्या असतात. म्हणून गीझरला आमचा विरोध आहे. दुपारी बॅटऱ्या भरल्यावर फुकट जाणारी वीज पाण्यात घातली तर चालेल, पण दादाला हवे आहे ते बटण दाबताच पहाटे पाणी. ते त्या बॅटऱ्यांवर होणे नाही.

त्यापेक्षा पुण्यातल्या कितीतरी गच्च्यांवर दिसतो तो सौर बंब घ्यावा. दोन चौरस मीटरच्या सौर बंबातून चांगल्या उन्हात रोज १०० लिटर कढत पाणी मिळते, म्हणजे सुमारे चार युनिटांची उष्णता. तेवढ्याच जागेतले पॅनेल दिवसाला दीड युनिटाच्या आतच वीज देते. यात पंपही लागत नाही. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली उतरते. फक्त टाकी वरच्या बाजूला हवी, आणि तिच्याभोवतीचे आवरण चांगले हवे, की पाणी सकाळपर्यंत टिकते. काचेच्या नळ्यांचा प्रकार स्वस्त असतो, पण आमच्या गावात वानरांचा उच्छाद, म्हणून आम्ही जाड काचेच्या सपाट पेटीचा प्रकार सुचवला.

पैसेच नसतील तर बागेला पाणी नेणारा काळा पाइप आहेच. मार्चमधल्या दुपारी त्यातले पहिले पाणी हाताला चटका देते, हे कोकणात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एक इंची पाइपच्या शंभर फुटांत जवळजवळ १५ लिटर, म्हणजे नेमकी एक बादली मावते. पाचशे फूट छपरावर गुंडाळा आणि दुपारी पिंपात काढून घ्या. पिंपाभोवती भाताचे तूस भरले की रात्रीपर्यंत ऊब राहते. राजापूरजवळ उन्हाळ्याला तर जमिनीतूनच गरम पाणी येते, पण रोज अंघोळीला तिथवर जाणार कोण?

खरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर सूर्य दिसेल तेव्हा खरा. आणि इथल्या शाळांना मोठी सुट्टी कधी? जुलैअखेर ते ऑगस्ट! म्हणजे आपण सगळे गावी जातो ते नेमके सौर बंब झोपलेला असताना, आणि जाताना चार माणसे वाढवतो. तेव्हा चूल पेटणारच.

नारळाची सोडणे, करवंट्या, झावळ्या घरच्याच, म्हणून सगळे म्हणतात की हे पाणी फुकट. आम्हीही इतकी वर्षे हेच म्हणत आलो. लहानपणी आम्ही उठायचो तेव्हा पाणी कढलेले असायचे. ते कोणी, किती वाजता उठून तापवले, हे आईला कधी विचारल्याचे आठवत नाही. न्हाणीघरातून येणारा तिचा खोकला मात्र आठवतो. ओल्या झावळ्यांचा धूर पहाटे पाच वाजता छातीत घेऊन तापवलेले पाणी स्वस्त कसे? दिवसाला अर्धा-पाऊण तास एका माणसाचा जातो, तो हिशोबात धरा. मग पाहा.

म्हणून आम्ही दादाला दोन गोष्टी कळवल्या आहेत. सौर बंबाचे निम्मे पैसे आम्ही देतो. आणि पाणचूल काढून तिथे तांब्याचा बंब बसवायचा. त्यात जाळ पाण्याच्या मधल्या नळकांड्यातून जातो, म्हणून सरपण कमी लागते. धुराडे भिंतीबाहेर काढायचे आणि सरपण मे महिन्यातच कोरडे करून माळ्यावर ठेवायचे. पेटवायचा पुरुषांनी. दादा नुसता हसला. वहिनी म्हणाल्या, "बघू किती दिवस टिकतं ते."

येत्या ऑगस्टमध्ये तीन आठवडे ते काम आमचे. मुलीने आत्ताच विचारले आहे, की पाचला उठले तर तिला पेटवू देणार का. देणार आहोत, शॉवरचा विषय त्या निमित्ताने काढता येईल. दरम्यान, वर्गातल्या दोन घरांत तरी तांब्याचे बंब शोभेसाठी ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. दादाला मिळालेल्या जुन्या बंबाची तोटी गळते. तशी तोटी हल्ली कुठे मिळते हे कोणाला ठाऊक असेल तर शनिवारी चहाच्या वेळी आम्हाला जरूर गाठावे.