साथीचा रोगी आणि तालुक्याचें रुग्णालय

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील व्यापारी गृहस्थांस 2020 सालची आठवण करून देण्याची गरज नाहीं. पेठा ओस पडलेल्या, आणि घरांत कोणास खोकला आला तर तो शेजाऱ्याच्या कानीं जाऊं नये म्हणून दारें लोटलेलीं! त्या साथींत लेण्याद्री व ओझर येथील भक्तनिवासांत रोगी ठेवावे लागले. अवसरी खुर्द येथें अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारांत रुग्णालय थाटावें लागलें. ज्यांनीं हें घाईघाईनें उभें केलें त्यांची तारीफ करावी तेवढी थोडीच. परंतु यात्रेकरूंच्या खोल्या रोग्यांसाठीं बांधलेल्या नसतात. पुढच्या साथीच्या वेळीं पुन्हां गजाननाकडेच जागा मागावयाची काय?

रोग्यास वेगळें ठेवण्याविषयीं लोकांच्या मनांत जी अढी आहे ती आजची नव्हे. 1897 सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोरे शिपाई घराघरांत शिरले. लोकांनीं रोगी लपविले. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉक्टर यशवंतराव यांच्या दवाखान्यांत स्वतः रोगी आणीत होत्या, आणि 10 मार्च रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. दोन्हीकडे रोगी घरापासून दूरच नेला जात होता. पण एकीकडे नेणारा हात शिपायाचा होता, दुसरीकडे शुश्रूषा करणारीचा. त्याच सालचा साथरोग कायदा 2020 सालींहि उपयोगांत आणला गेला. कायद्यानें माणूस अलग करतां येतो, बरा करतां येत नाहीं.

वेगळी खोली म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची अडगळ नव्हे. गोवराचा विषाणु, रोगी निघून गेल्यावरहि, बंद खोलीच्या हवेंत दोन तासांपर्यंत टिकूं शकतो. म्हणून तेथील हवा ताशीं निदान 12 वेळां बदलावी, व ती इतर रोग्यांकडे न जातां थेट बाहेर पडावी, अशी व्यवस्था लागते. शौचकूप स्वतंत्र लागतो. परिचारिकेस झगा व मुखपट्टी चढविण्याउतरविण्यास लगतची लहान खोली लागते. यंत्रें नसतील तेथें समोरासमोरच्या मोठ्या खिडक्याहि पुष्कळ काम करतात. पण परिचारिकाच नसेल तर खिडक्या घेऊन काय करावयाचें?

2009 सालच्या स्वाइन फ्ल्यूंत पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढें केवढ्या रांगा लागल्या होत्या! जुन्नरहून पुणें सुमारें 90 किलोमीटर. आणि भीमाशंकराच्या डोंगरांतील वाडीवरून पावसाळ्यांत घोडेगांव गांठणें हीच एक मोहीम. इतक्या वाटेंत रोगी किती जणांस रोग वाटीत जाईल याचा हिशेब व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

कोणी म्हणतील, साथ नसतां या खोल्या रिकाम्या राहतील. गोवर, कांजिण्या, घटसर्प, क्षय हे काय साथीची वाट पाहतात? शिवाय आगीचा बंब वर्षभर उभा राहतो म्हणून कोणी तो मोडींत काढीत नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, मंचरचें उपजिल्हा रुग्णालय आणि नारायणगांव, जुन्नर व घोडेगांव येथील ग्रामीण रुग्णालयें यांत अशा खोल्या जेथें आहेत तेथें त्या चालत्या ठेवाव्या; जेथें नाहींत तेथें बांधाव्या; आणि नेमलेल्या परिचारिकांस दरसाल त्यांतील कामाचा सराव द्यावा. बांधकामास बाजार समित्यांनीं व देवस्थानांनीं हातभार लावावा. पगाराचा भार मात्र सरकारनेंच उचलावा. आणि गोवर झालेल्या मुलाबरोबर येणाऱ्या मजूर आईची बुडालेली रोजी तिला मिळावी, म्हणजे ती चौथ्या दिवशीं मूल पाठुंगळीं घेऊन निघून जाणार नाहीं.