निम्म्या-निम्म्याची अंधश्रद्धा

अमेरिकेतल्या लहान कॉलेजांचे फुटबॉल सामने आता आपल्याकडे शनिवारी रात्री फोनवर फुकटात दिसतात. कॅमेरा एकच, समालोचक बहुधा त्याच कॉलेजचा विद्यार्थी, आणि त्याच्या तोंडी एक शब्द हमखास येतो: बॅलन्स. संघ हरत असेल तर बॅलन्स बिघडला म्हणून, जिंकत असेल तर बॅलन्स जमला म्हणून. सामना संपल्यावर प्रशिक्षकही तेच सांगतो. इतके रन, इतके पास, जवळजवळ निम्मे-निम्मे, म्हणजे आमचं आक्रमण समतोल.

माझं म्हणणं सरळ आहे. हा आकडा समतोलाचं माप नाही. लहान कॉलेजच्या संघासाठी तर तो घातक आहे, आणि त्याची किंमत प्रशिक्षक मोजत नाही, खेळणारी पोरं मोजतात.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. पुढे जायचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकने चेंडू मागच्या खेळाडूच्या हाती द्यायचा आणि त्याने धक्काबुक्कीतून वाट काढत पळायचं, हा रन. किंवा क्वार्टरबॅकने चेंडू लांबच्या गड्याकडे फेकायचा, हा पास. बचाव करणाऱ्यांना अंदाज बांधावा लागतो. रन येणार वाटलं तर ते जास्त माणसं पुढे मधोमध गोळा करतात. पास येणार वाटलं तर मागे पांगतात. म्हणजे आक्रमणाने दोन्हीची भीती दाखवली पाहिजे. इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही. भांडण पुढे सुरू होतं: भीती दोन्हीची हवी म्हणून संख्याही सारखी हवी, हे कुठून आलं?

आधी तो आकडाच तपासू. कॉलेज फुटबॉलच्या हिशोबात क्वार्टरबॅक पास टाकायच्या आधीच पाडला गेला, तर तो प्रयत्न रनमध्ये धरतात आणि गमावलेले यार्ड रनमधूनच वजा करतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये हेच यार्ड पासच्या खात्यातून वजा होतात. म्हणजे कॉलेजच्या संघाने पास ठरवला, पास फसला, आणि कागदावर नोंद झाली रनची. पासची चाल मोडल्यावर क्वार्टरबॅक स्वतःच जीव घेऊन पळाला, तरी रनच. अशा सहा-सात नोंदी झाल्या की पासवर विसंबलेला संघ सामन्याच्या तक्त्यात समतोल दिसायला लागतो.

दुसरी गोम घड्याळाची. पास अपुरा राहिला, चेंडू जमिनीवर पडला, की घड्याळ थांबतं. रनमध्ये खेळाडू मैदानाच्या आतच पाडला गेला तर ते सहसा चालूच राहतं. म्हणून आघाडीवर असलेला संघ शेवटच्या सत्रात रनवर रन काढतो, कारण त्याला वेळ संपवायचा असतो. पिछाडीवरचा संघ पासवर पास टाकतो, कारण त्याच्याकडे वेळ नसतो. सामना संपल्यावर तक्ता बघणारा म्हणतो, जिंकणाऱ्यांनी रन जास्त काढले, म्हणजे रन काढल्याने जिंकले. लग्नाच्या मांडवातून लोक जेवून बाहेर पडताना दिसले म्हणून जेवल्यामुळे लग्न लागलं म्हणण्यासारखंच हे.

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीच्या पातळीचंच आहे. समजा एका संघाचा रन बचाव पुढे गोळा झालेला असताना सरासरी 3 यार्ड देतो आणि पांगलेला असताना 6. त्याच संघाचा पास बचाव गोळा असताना 9 यार्ड देतो आणि पांगलेला असताना 4. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. बचावाने काहीही निवडलं तरी आपलं सरासरी उत्पन्न सारखंच राहील असं मिश्रण काढलं, तर रनचं प्रमाण येतं 62.5 टक्के आणि उत्पन्न दर चालीला 5.25 यार्ड. पन्नास टक्के नाही. पन्नासला इथे काही विशेष मानच नाही.

खरी गंमत पुढे आहे. पुढच्या वर्षी या संघाला चांगला क्वार्टरबॅक मिळाला. आता पास गोळा बचावापुढे 11 यार्ड देतो आणि पांगलेल्यापुढे 5. रन होता तसाच आहे. कुणालाही विचारा, तो म्हणेल, आता पास वाढवा. पण गणित करून पाहा: रनचं योग्य प्रमाण उलट वाढून 66.7 टक्के होतं आणि उत्पन्न 5.67 यार्डांवर जातं. कारण उघड आहे. पासच्या धाकाने बचाव मागे पांगतो आणि रनसाठी वाट मोकळी होते. नवा क्वार्टरबॅक आधीपेक्षा कमी वेळा चेंडू फेकतो आणि तरीही संघाच्या सुधारणेचं सगळं श्रेय त्याचंच असतं. हा संघ तक्त्यात पाहणारा समालोचक काय म्हणेल? रनवर फार विसंबतात, बॅलन्स नाही.

प्रमाणाच्या मागे धावणाऱ्यांची आणखी एक सवय संशोधकांनी पकडली आहे. केनेथ कोवॅश आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी 2009 मध्ये एनएफएलच्या चालींचा मोठा साठा तपासला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, संघ जितका पास टाकायला हवा त्यापेक्षा कमी टाकतात. दोन, एक चाल रन झाली की पुढची पास असण्याची शक्यता वाढते, आणि पासनंतर रनची. म्हणजे आपण फार बेभरवशाचे आहोत असं समजणारे व्यावसायिक प्रशिक्षकसुद्धा नकळत एकाआड एक करत बसतात. नाणं दहा वेळा उडवलं तर छाप-काटा, छाप-काटा असं शिस्तीत पडत नाही; माणसाने मनाने लिहिलं की तसं पडतं. निम्मं-निम्मं जुळवायच्या हट्टातून जो अंदाज चुकवायचा होता तोच सोपा होतो. करोडो डॉलरवाल्यांची ही गत, तर तीन-चार सहायकांवर चालणाऱ्या कॉलेजची काय असेल?

माझ्या धंद्यात याला चांगली उपमा आहे. सर्व्हरांवर भार वाटून देणारा लोड बॅलन्सर असतो. त्याची सगळ्यात बाळबोध पद्धत म्हणजे पाळीपाळीने: एक विनंती याला, एक त्याला. एखादा सर्व्हर धापा टाकत असला तरी त्याच्या वाट्याची विनंती त्याला मिळतेच. वाटप अगदी न्याय्य, आणि वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. शहाणा बॅलन्सर विनंत्या मोजत बसत नाही, कुणाला आत्ता किती झेपतंय ते पाहतो. नावात बॅलन्स दोघांच्याही आहे.

आता खरे संघ पाहू. आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट गावी आयोवा वेस्लियन नावाचं छोटं कॉलेज होतं. 1989 मध्ये हॅल ममी तिथे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी मदतीला माइक लीच यांना घेतलं. लीच कायद्याचे पदवीधर. कॉलेजात फुटबॉल खेळलेले नाहीत. या दोघांनी मोजक्या चाली निवडल्या, बहुतेक पासच्या, आणि त्या पुन्हापुन्हा घोटून घेतल्या. धिप्पाड गडी नव्हते, म्हणून धक्काबुक्कीचा खेळच टाळला. पुढे या पद्धतीला एअर रेड हे नाव पडलं. ती लीच यांच्याबरोबर टेक्सास टेक विद्यापीठात गेली. त्यांचा तिथला क्वार्टरबॅक क्लिफ किंग्सबरी पुढे तिथलाच प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली पॅट्रिक माहोम्स खेळला. ज्याचे थ्रो तुम्ही रील्समध्ये पाहता तो हाच. लीच 2022 मध्ये गेले. समतोलाबद्दल ते आयुष्यभर एकच सांगत राहिले: रन-पास सारखे असणं म्हणजे समतोल नव्हे, चेंडू हाताळणाऱ्या प्रत्येक जागेवरच्या गड्याचा वाटा असणं म्हणजे समतोल.

दुसरं टोक मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड कॉलेज. 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला तो याच संस्थेत. तिथल्या फुटबॉल संघाची ओळख वर्षानुवर्षं ट्रिपल ऑप्शनची, म्हणजे जवळजवळ सगळा रन. पण हा रन आंधळा नसतो. क्वार्टरबॅक बचावातल्या एका गड्याला मुद्दाम मोकळा सोडतो आणि त्याच्याकडे बघत निर्णय घेतो: तो आत धावला तर चेंडू बाहेर, तो बाहेर गेला तर चेंडू आत. पास नगण्य, तरी बचावाला दर चालीला तीन धोके. मला हा संघ तक्त्यातल्या निम्म्या-निम्म्या संघापेक्षा कितीतरी समतोल वाटतो.

म्हणजे एकच काहीतरी धरा आणि जिंका, असं मी म्हणतोय का? नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या प्रेस्बिटेरियन कॉलेजने 2021 मध्ये केव्हिन केली यांना आणलं. आर्कान्सातल्या एका शाळेला चौथ्या प्रयत्नातही चेंडू परत न देता सतत आक्रमण करायला लावून त्यांनी नाव कमावलं होतं. पहिल्या सामन्यात संघाने 84 गुण केले, क्वार्टरबॅकने 10 टचडाउन पास फेकले. देशभर बातम्या झाल्या. पण समोरचा संघ दुबळा होता. दोन सामने जिंकल्यावर कॅम्पबेल विद्यापीठाकडून 72-0 असा मार खाल्ला आणि मग मोसम संपेपर्यंत एकही विजय नाही. शेवट 2-9, आणि केली एका वर्षात बाहेर. त्या पराभवांचं खापर एकट्या पासवर फोडता येणार नाही, पण धडा स्पष्ट आहे. समोरचा बचाव काय करतोय आणि आपल्याकडे गडी कोणते आहेत, हे न पाहता ठरवलेलं कुठलंही प्रमाण पोथीच असतं. शंभर टक्क्यांची पोथी असो की पन्नास टक्क्यांची.

आज याला चांगलं उत्तर उपलब्ध आहे. रन-पास ऑप्शन, म्हणजे आरपीओ. चाल सुरू होते तेव्हा ती रन की पास हे ठरलेलंच नसतं. क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी धरतो आणि बचावातल्या एकाच गड्यावर नजर ठेवतो. तो पुढे आला तर त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेत पास. तो मागे सरकला तर चेंडू पळणाऱ्याला सोडून दिला. कॉलेजच्या नियमांत पास होण्यापूर्वी आक्रमणाचे पुढचे गडी तीन यार्ड पुढे गेले तरी चालतं, एनएफएलमध्ये एकच यार्ड, म्हणून ही चाल कॉलेजात जास्त फळते. अशा संघाचं प्रमाण एका शनिवारी 45-20 येईल, पुढच्या शनिवारी 20-45. दोन्ही दिवशी त्याने योग्यच केलेलं असेल, कारण प्रमाण समोरच्या बचावाने ठरवलं.

तरीही निम्म्या-निम्म्याचा मोह का सुटत नाही? कारण तो सुरक्षित आहे. एकाच पद्धतीवर बेतलेला संघ हरला की प्रशिक्षक हट्टी ठरतो. समतोल संघ हरला की पोरं कमी पडली असं म्हणता येतं. दोन्ही डगरींवर हात ठेवला की बुडाल्याचा दोष नदीला देता येतो.

आणि इथेच मला राग येतो. मोठ्या विद्यापीठाला हे परवडतं. त्यांच्याकडे रनसाठी वेगळे आडदांड गडी, पाससाठी वेगळे चपळ, आणि शिकवायला माणसांची फौज. लहान कॉलेजकडे आहे ते एवढंच. पुढच्या फळीतल्या पोराला रनसाठी पुढे रेटायला शिकावं लागतं आणि पाससाठी मागे सरकत थोपवायला. ही दोन जवळजवळ उलटी कौशल्यं आहेत. दिवसभराची लेक्चरं, लॅब उरकून संध्याकाळी मैदानावर आलेल्या पोराचा वेळ दोन्हींत निम्मा वाटला, की एक ना धड भाराभर चिंध्या.

त्यात तिसऱ्या विभागाच्या कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्ती नसते. पोरं फी भरून खेळतात. कित्येक लहान कॉलेजांनी फुटबॉल संघ काढला तोच मुळी प्रवेश वाढावेत म्हणून. शंभर पोरांचा संघ म्हणजे फी भरणारे शंभर विद्यार्थी. तरी सगळी तगतात असं नाही. 1842 मध्ये स्थापन झालेलं ते आयोवा वेस्लियन 2023 मध्ये कायमचं बंद पडलं. अशा ठिकाणी खेळणाऱ्या पोराला नियमित मोसमाचे वर्षाला दहा सामने मिळतात. चार वर्षांचे चाळीस. त्यातल्या बहुतेकांसाठी पुढे काही नाही. उत्तम झेल घेणाऱ्या पोराला घरी जाऊन, आईबापांसमोर बसून बोलावून आणायचं, आणि मग तक्त्यातला आकडा जुळावा म्हणून त्याला चाळीसपैकी निम्मे दिवस दुसऱ्यांना वाट करून देण्यात घालवायला लावायचं, याला मी तरी समतोल म्हणणार नाही.

प्रशिक्षकांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. बचाव पुढे गोळा झाला तेव्हा तुम्ही त्याला शिक्षा दिलीत का? तो पांगला तेव्हा दिलीत का? तुमच्या चांगल्या पाच गड्यांच्या हाती चेंडू किती वेळा गेला? आघाडी मिळण्याआधी, म्हणजे पहिल्या तीन सत्रांत, तुमच्या चाली पाठोपाठ कशा आल्या, आणि समोरच्याला त्या ओळखता आल्या का? या चार प्रश्नांची उत्तरं सामन्याच्या चित्रफितीत असतात आणि ती काढायला एक विद्यार्थी, एक लॅपटॉप आणि रविवारची दुपार पुरते. ती न काढता बॅलन्स जमल्याचं सांगणाऱ्या प्रशिक्षकाला, फी भरणाऱ्या पोरांनी तरी, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.