सायकली मागे, गाडी उलाळ

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी लागली की पिकअपमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडून निघालेली कुटुंबं हायवेवर दिसू लागतात. त्यांत तिथे स्थायिक झालेली मराठी घरंही असतात. ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेलं, ओढत न्यायचं घर. त्याच्या पाठीला बहुधा सायकली लटकवलेल्या असतात. त्या पडू नयेत म्हणून पट्टे, साखळ्या, कुलपं यांचा भरपूर विचार होतो. पण जागाच चुकली असेल तर कितीही आवळून बांधलं तरी उपयोग नाही, आणि ट्रेलरची पाठ ही चुकीची जागा आहे.

मागचा बंपर दिसतो मोठा दणकट. साधारण चार इंची चौकोनी लोखंडी नळी, टोकांना टोपणं. टोपण काढून पाहिलं तर आत बहुतेक वेळा सांडपाण्याचा पाइप ठेवलेला सापडतो. नळीची खरी नेमणूक तेवढीच. तिचा पत्रा पातळ असतो आणि चॅसिसला ती काही इंचांच्या वेल्डिंगवर धरलेली असते. चार सायकली आणि रॅक मिळून वजन सहज ८०-१०० किलो भरतं. इलेक्ट्रिक सायकल तर एकेकटीच २५-३० किलोची. हा भार बंपरवर बसत नाही, त्याच्या मागे लोंबतो आणि नळीला पीळ देत राहतो. त्यातच हे टोक चाकांपासून लांब. रस्त्यातला किरकोळ खड्डाही तिथे मोठा हिसका होऊन पोचतो. असे हजारो हिसके खाल्ले की वेल्ड तडकतं आणि बंपरसकट सायकली मागून येणाऱ्याच्या पुढ्यात पडतात. मोटारीमागे चालणारे कित्येक रॅक ट्रेलरवर लावू नका, अशी सूचना कंपन्या पुस्तिकेत छापतात. ती वाचतो कोण?

दुसरं कारण बैलगाडी हाकणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. ट्रेलर थोडा धुरजडच हवा: एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे हिचवर पडायला हवा. समजा ट्रेलर २५०० किलोचा आहे आणि हिचवर ३०० किलो, म्हणजे १२ टक्के. चाकांपासून हिच साडेचार मीटर पुढे आहे. आता चाकांच्या मागे ३.६ मीटरवर १०० किलोच्या सायकली टांगा. तरफेच्या हिशेबाने हिचवरचा भार ८० किलोने घटतो. उरतात २२० किलो, आणि एकूण वजन मात्र २६०० झालेलं. टक्केवारी साडेआठवर आली. मग वेगात असताना बाजूने मोठा ट्रक गेला की ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि ते हेलकावे ओढणाऱ्या गाडीलाही फरफटवू शकतात. पट्टे या वेळी जागच्या जागी घट्ट असतात.

‘वर्षानुवर्षं नेतोय, कधी काही झालं नाही’ हे उत्तर ठरलेलं. पण थकलेला धातू आधी निरोप पाठवत नाही. त्याहून वजनदार आक्षेप असा, की चॅसिसलाच पक्का रिसीव्हर बसवून ट्रेलरसाठीच बनवलेला रॅक घेतला तर? बंपरची चिंता मिटते, हे मान्य. उलाळ मात्र तसाच राहतो. सामान पुढे सरकवून तो सावरता येतो, पण अंदाजाने नव्हे. ट्रक थांब्यावरच्या काट्यावर वजन करूनच. पुढच्या त्रिकोणी दांड्यांवर रॅक लावणारेही आहेत. तिथे भार हिचच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि तीव्र वळणावर हँडल पिकअपला भिडतं.

त्यापेक्षा पिकअपचा हौदा बरा. तो नसेल तर पुढचं चाक काढून, जुनी चादर अंथरून सायकली ट्रेलरच्या आतच, चाकांच्या वर येईल अशा जागी आडव्या बांधाव्यात. चिखल आत येतो, ग्रीसचे डाग पडतात, मुक्कामी पोचल्यावर सायकली बाहेर काढल्याशिवाय चहाचं आधणसुद्धा ठेवता येत नाही. गैरसोय आहेच, पण ती गाडी थांबल्यावरची.